गंधकाचं पथ्य

राहुरी, ३ डिसेंबर १९७२

ती. आक्का,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. क्षमा कर. कामाचा व्याप हे कारण सांगता आलं असतं, प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या छतापर्यंत गेल्याही आहेत. पण ते खरं कारण नाही. चांगुणाला भिंगारहून आणून सोडलं, अंगावरच्या चट्ट्यांपायी सासूने तिचा ताट-तांब्या वेगळा केला होता, हे वाचलं आणि भाचीला काय लिहावं ते सुचेना. सुचत नाही म्हणून गप्प बसलो. गप्प बसण्याला मी विचार करणं म्हणतो, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे.

एवढ्या दिवसांत दोन कामं मात्र केली. एक म्हणजे इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना तू लिहिलेली सगळी लक्षणं सांगितली. कोपर, गुडघे, पाठ, वर पांढरा कोंडा धरणारे लाल चट्टे, सुई टोचली तर दुखतं. ते म्हणाले, हा महारोग नव्हे. शिवल्याने लागत नाही, मुलाबाळांना त्यापायी दूर ठेवायचं कारण नाही. कमी होतो, पुन्हा उठतो. कायमचा जाईल असं वचन ते देत नाहीत. त्यांच्याकडून तसं लिहून घेऊन कागद सोबत पाठवतो आहे. तो भिंगारला विहीणबाईंना दाखव.

दुसरं, कंडक्टरच्या हाती धाडलेली गंधकाची पुडी तपासली. तू विचारलंस, पोटात घ्यायला बरं का? चिमूटभर चिनी मातीच्या वाटीत जाळलं. निळ्या ज्योतीने जळून गेलं, वाटीत मागे जवळजवळ काही राहिलं नाही, म्हणजे माती-दगडाची भेसळ नाही. मला खरी भीती सोमलाच्या विषाची होती. खाणीतल्या गंधकात कधी कधी तो असतो, आणि थोडा थोडा पोटात जात राहिला तर माणूस झिजतो. त्याची कागदावरची परीक्षा दोनदा केली. कागदावर डाग उठला नाही.

तेव्हा पुडी शुद्ध आहे. गंधक काही परका पदार्थ नाही. कांद्या-लसणात, अंड्यात, आपल्या केसा-नखांत तो असतोच. कातडीच्या रोगावर आपले लोक पूर्वीपासून देत आले आहेत. पण गुण येतोच असं मी सांगू शकत नाही, आणि तशी कोणाची खात्रीची नोंद मला पुस्तकांत सापडली नाही. थोड्या मापात अपाय नसावा. जास्त झाला तर पोट ढिलं होतं. द्राक्षांवर भुरी रोगासाठी उडवायची गंधकाची भुकटी मिळते, ती चुकूनही कोणाकडून घेऊ नकोस. तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते मी रोज बघतो.

औषध देणारे गोरक्षबुवा आणखी काय काय सांगतात ते कळव. आणि चांगुणाला दुष्काळी कामावर पाठवत नाहीस ना? तिला सांग, मामाला तिची आठवण येते.

तुझा
राधाकृष्ण


तिसगाव, १५ डिसेंबर

चि. राधू,

तुजं पत्र पोचलं. एकदा मी वाचलं आन एकदा चांगुणानं मोठ्यानं वाचून दावलं. "मामानं गंधकाची पार झडती घेतली की गं आई," म्हनली आन हसली. दिवाळीपासनं पयल्यांदा हसली. म्हनून तुजं उशिराचं मी काई मनावर घेत न्हाई.

बुवानं गंधक माज्या डोळ्यादेखत शुद्ध केलं. लोखंडी पळीत तूप घालून मंद जाळावर पातळ करायचं आन दुधाच्या भांड्यावर फडकं बांधून त्यातनं गाळायचं. बुवा म्हनला, "मावशे, दूध गाईचं लागतं." म्हनलं, "बुवा, गाय चाऱ्याच्या छावनीत हाय. तिलाच कोनीतरी दूध पाजा आदी." मग शेळीच्या दुधावर भागवलं. तूप पन दोन घरं हिंडून आनलं. घरभर असा वास सुटला, की शेजारची भागूबाई नाकाला पदर लावून आली, "मुक्ताबाई, काय यमाचा सैपाक मांडलाय का?" पन भांडं गार झाल्यावर तळाशी पिवळंधमक गोळं बसलं, सोन्यावानी. बुवानं त्याची पूड करून गुंजेच्या मापानं घ्यायची सांगितली, दुधासंगं.

पथ्य लई कडक हाय. मीठ बंद. आंबट बंद, तेल बंद, डाळ बंद. ऊन आन अंगमेहनत बंद. बुवा म्हनला, "औषध चार आने काम करतं, बारा आने पथ्य करतं. मिठाचा खडा जरी पोटात गेला तर समदं पान्यात." चांगुणा तर पयल्या दिवसापासनं मिठाच्या बरनीकडं बगत पन न्हाई.

डॉक्टरचा कागद भिंगारला धाडला. विहीनबाईचा उलटा निरोप आला, "कागद काय अंगाला चिकटवायचाय? पाडव्याला येऊ. अंग बघू. नितळ असंल तर त्याच गाडीनं घेऊन जाऊ. न्हाई तर आमच्या कानिफनाथाचं दुसरं बघायला आमी मोकळं." जावई काई बोलला का, म्हनून इचारलं निरोप्याला. तर म्हनं, ते खाली बघत हुते. त्यो मिलिटरीत नोकरीला हाय, पन आईपुढं त्याची बंदूक चालत न्हाई.

तवा आता पाडवा हीच आमची परीक्षा. पोरगी रोज सकाळी कोपर उजेडात धरून बगती.

कामाचं इचारलंस. न्हाई जात कुटं. गावात शिवनाचा वर्ग निगालाय, तितं सावलीत बसती. तुजे दाजी कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत, घरात खानाऱ्या आमी दोगीच. भागतंय. तू काळजी करू नगं.

तुजी आक्का


राहुरी, २० जानेवारी १९७३

ती. आक्का,

तुझं संक्रांतीचं कार्ड मिळालं. चांगुणाच्या पायातली जोडवी काळी पडली म्हणून तू घाबरलीस आणि शेजारणींनी त्यावर नको ते बोलून घेतलं, हे वाचून वाईट वाटलं. अपशकुन वगैरे काही नाही. गंधक पोटात गेला की त्याचा अंश घामावाटे बाहेर येतो आणि चांदीला लागला की चांदी काळी पडते. पुस्तकात लिहिलेलं आहे, मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. राखेने घासलीस की उजळतील, आठवड्याने पुन्हा काळी होतील. उलट यावरून एवढं कळतं की औषध नुसतं पोटातून जात नाही, अंगात भिनतं आहे. शेजारणींना तसंच सांग.

कोपरावरचा कोंडा गळून खालची कातडी साफ दिसू लागली, हे वाचून मी पत्र हातात घेऊन बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होतो. आनंद झाला. मग शंका आली, की हा रोग आपोआपही कमी होतो म्हणतात, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं? पुन्हा वाटलं, श्रेयाची पंचाईत मी कशाला करतो? पोरीची कातडी साफ होते आहे.

तू विचारलंस, अजून पाडव्यापर्यंत आळणी खाणं बरं का, तिची चव गेली आहे, ती अर्धीच भाकरी खाते. पथ्याविषयी मी काय सांगणार? तो गोरक्षबुवांचा अधिकार. माझी विद्या पुडीपुरती. आळणी खाऊन कोणाला काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही. उपासतापास करणारी माणसं महिनेच्या महिने काढतात. एवढं निभावलं आहे, तर पुढेही निभावू द्या.

शिवणाचा वर्ग चालू आहे हे फार बरं झालं. हाताला काम असलं की मनाला आधार राहतो.

राधाकृष्ण


तिसगाव, २७ फेब्रुवारी

ती. मामांस चांगुणाचा नमस्कार.

आईला न सांगता लिहिते आहे. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसले आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नका, बोटं नीट वळत नाहीत. कारण पुढे येईल.

आधी चांगलं सांगते. दोन्ही कोपरं साफ झाली. गुडघे साफ झाले. पाठीवरचं आई म्हणते फिकं झालंय. मला माझी पाठ दिसत नाही, आईवर विश्वास ठेवावा लागतो. आणि आई आता पाडव्यापर्यंत मला दुधावरची साय म्हणायलाही कमी करायची नाही.

आता दुसरं. मामा, माझ्या पायाला गोळे येतात. पोटऱ्या दगडासारख्या होतात, मग ओरडावंसं वाटतं. हाताची बोटं आखडून बसतात, दुसऱ्या हाताने एकेक सरळ करावी लागतात. दुपारी डोकं गरगरतं, मळमळतं. पोट पण ढिलं असतं. बरोबरच्या बाया काय गप्प बसतात? म्हणतात, "नवरा भिंगारला आन हिला डोहाळे तिसगावात!" भागूबाई तर म्हणाली, "गंधकाचं पोरगं हुईल गं, पिवळं." हसून हसून पुरे होतं, आणि हसलं की पुन्हा पोटात गोळा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे गोळे गंधकाने येतात का? येत असले तरी मी बंद करणार नाही, पण कळलं म्हणजे बरं. आणि माप थोडं वाढवलं तर पाडव्याच्या आत पाठ होईल का? सासूबाई पाठ नक्की बघणार. पुढची बाजू बघून समाधान होणारी बाई नाही ती.

ते मागच्या आठवड्यात येऊन गेले. घरात आले नाहीत, तिसगावच्या स्टँडवर उभे होते, निरोप धाडला. मी कोपर दाखवलं. त्यांनी बोट लावून बघितलं, मामा. चट्टे आल्यापासून त्यांनी मला बोट लावलं नव्हतं. म्हणाले, "आता थोडंच राहिलं." मग गाडी लागली.

मीठ कसं लागतं ते मी आता विसरले. परवा भागूबाईने ठेचा पुढे केला, मी तोंड फिरवलं. सगळ्या म्हणाल्या, पथ्य पाळावं तर हिनेच.

आईला यातलं काही लिहू नका. ती लगेच औषध थांबवेल. उत्तर भागूबाईच्या पत्त्यावर धाडा.

तुमची
चांगुणा


राहुरी, ५ मार्च

चि. चांगुणास,

तुझं पत्र वाचून आनंदही झाला आणि काळजीही वाटली. गोळ्यांवर मी दोन दिवस विचार केला. मला असं दिसतं: गंधकाने पोट ढिलं होतं, त्यात अंगातलं पाणी जातं, पाणी कमी पडलं की स्नायू आखडतात आणि डोकं गरगरतं. तेव्हा गोळे थेट गंधकाचे नव्हेत, पण त्याच्यामुळे पाणी कमी होतं त्याचे आहेत.

म्हणून दोन गोष्टी कर. माप वाढवायचं नाव काढू नकोस, उलट आजपासून निम्मं कर. आणि पाणी भरपूर पी. तांब्या जवळच ठेव. तहान नसली तरी पी, गोळा आला की आधी पाणी पी. बाकी पथ्य चालू ठेव. इतके दिवस एवढ्या निश्चयाने पाळलंस, ते शेवटच्या महिन्यात वाया जायला नको. जमलं तर एकदा पाथर्डीच्या दवाखान्यात दाखवून ये.

आईला न सांगणं मला बरं वाटत नाही. पण तू विश्वासाने लिहिलंस, तो मोडवत नाही. पाडव्याला मी येतो. सासूबाईंनी पाठ बघितली तर मी त्यांना सूक्ष्मदर्शक देईन म्हणावं.

तुझा
मामा


तिसगाव, ७ एप्रिल

राधू,

चांगुणाच्या दहाव्याला आलास, खाली मान घालून बसलास आन तसाच गेलास. माज्यासंगं एक शबूद बोलला न्हाईस. मी पन चार मानसांत बोलले न्हाई. लोकांनी तुला सांगितलं, ऊन लागलं, आन तू मान हलवलीस. आता घरात कोनी न्हाई. तुजे दाजी तोडीवरनं आले ते वसरीत भिताडाकडं तोंड करून पडून असत्यात. तवा लिहिते.

शिवनाचा वर्ग न्हवता. कवाच न्हवता. चांगुणा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायाची, मार्गशीर्षापासनं. तोडीवरनं काई येईना, घरात दाना न्हवता राधू. माजा डावा हात मोडलेला, मला मुकादम घेईना. तुला कळवलं असतं तर तू धान्य धाडलं असतंस हे मला ठावं हाय. तुज्यापुढं कितीदा हात पसरायचा, म्हनून न्हाई कळवलं. बुवाला पन हेच सांगितलं, पोरगी सावलीत असती म्हनून. बुवा दर खेपेला इचारायचा, "मेहनत न्हाई ना?" मी म्हनायची, न्हाई.

दिसभर उन्हात घन मारायची. पाठीवरचा पदर घामानं चिकटलेला असायचा. दुपारी समद्या बाया ठेचा-भाकर खायाच्या, ही आळणी भाकर न्हाई तर कामावर मिळती ती सुकडी. सुकडी ग्वाड असती, पथ्याला चालती.

त्या दिवशी सकाळपासनं गोळं येत हुते म्हनं. भागूबाई सांगती, ती पानीच पीत हुती. पेली की पुन्ना घन उचलायची. "मामा म्हनलाय, पानी पी," म्हनायची. दुपारून उलटी झाली. बायांनी सावलीला आनली, आजून पानी पाजलं. मग ती बरळाया लागली. मला बोलवून नेलं तवा मला वळखलं न्हाई. म्हनली, "बाई, भिंगारची गाडी लागली का?" म्हनलं, "चांगुणे, मी आई." तर म्हनती, "आई पाठ बगती माजी, तिला उठवू नका." मग हातपाय वाकडे झाले, झटके आले. मुकादमानं खडीच्या ट्रकात घातली. पाथर्डी यायच्या आदी गेली.

भिंगारची मानसं मातीला आली. विहीनबाईनं काय केलं ठावं हाय? न्हानीला घातलं तवा ती पुढं झाली, पोरीचा हात उचलला, कोपर बगितलं. पाठ बगितली. आन रडत म्हनली, "नितळ झालती की गं पोर. न्हेली असती की गं मी." मी तिच्या झिंज्या धरायला पायजे हुत्या. पन खरं सांगते, तुला सांगते, दुसऱ्या कोनाला न्हाई. मला बरं वाटलं. त्या टायमाला, पोरीचं मढं पुढ्यात, आन मला बरं वाटलं, की तिला पसंत पडली.

कानिफनाथ कडंला उभा हुता. पानी पाजायला बोलवला तर त्याचा हात उचलंना.

आता गाव म्हनतं, औषधाला गुन हुता, पोरीचं नशीब न्हवतं. भागूबाईच्या मानंला तसलेच चट्टे हायेत. तिनं उरलेली पुडी मागितली. मी दिली. म्हनलं, चांगुणाचं काईतरी कोनाच्या तरी कामी येऊ दे. पाडव्यापासनं तिनं पन मीठ सोडलंय. चांगुणासारकंच पाळनार म्हनती. खडीवर जाती आन माज्या दारात उभी ऱ्हाऊन मान दावती, "बगा मुक्ताबाई, फरक वाटतो का?"

मला रात न्हाई दिस न्हाई येकच इचार. औषध मी माज्या हातानं दिलं. तू तपासलं हुतंस. त्यात दोष हुता का? हो का न्हाई, येवढंच लिव. लांबड लावू नगं.

आक्का


राहुरी, ११ एप्रिल

आक्का,

तुझं पत्र दुपारी मिळालं. तू एका शब्दाचं उत्तर मागितलंस. मी ते लिहिलं होतं: 'नाही. औषधात दोष नव्हता.' ते खरं आहे. दहाव्याला आलो तेव्हा तुझ्या फडताळातल्या पुडीतून चिमूटभर घेऊन आलो होतो. तुला विचारलंही नाही. परत आल्या आल्या ती पुन्हा तपासली. कागदावर डाग उठला नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भाची जाऊन दहा दिवस झाले होते आणि मी रोजनिशीत 'गंधक निर्दोष' एवढंच लिहून जेवायला बसलो. जेवण गेलं. विहीणबाईंच्या शब्दांनी तुला बरं वाटल्याचं तू लिहिलंस, म्हणून हे सांगतो.

ते एका ओळीचं पत्र पाकिटात घातलं, मग फाडलं. कारण तुझ्या पत्रात पुन्हा 'खडी' वाचलं आणि खाली भागूबाईचं नाव वाचलं.

पत्र घेऊन तसाच डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना गंधकाचं माप सांगू लागलो, त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "घेत काय होती ते राहू द्या. खात काय नव्हती?" मी पथ्य सांगितलं. ते म्हणाले, "आणि उन्हात दिवसभर घण मारत होती?" मी हो म्हटलं.

आक्का, घामाबरोबर मीठ जातं. रोज जातं, पुष्कळ जातं. आपण कालवणात-भाकरीत खातो तेव्हा ते भरून निघतं. तिचं जात राहिलं आणि भरलं काहीच गेलं नाही. गोळे यायचे ते त्याचे. बोटं आखडायची ती त्याची. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तात उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं, मेंदूला सूज येते, माणूस बरळतं, झटके येतात. डॉक्टर म्हणाले, न तपासता छातीठोक सांगता येणार नाही, पण सगळी चिन्हं तीच आहेत. पाण्यात चिमूटभर मीठ घातलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

पाणी प्यायला मी सांगितलं होतं. चांगुणाने मला पत्र लिहून गोळ्यांचं विचारलं होतं, तुला कळू न देता. दोन दिवस विचार करून मी लिहिलं, तहान नसली तरी पी. पथ्य सोडू नकोस असंही लिहिलं. तू वर्गाचं खोटं लिहिलंस म्हणून मी सुटत नाही. तिने 'दुपारच्या सुट्टीत, बाभळीखाली' असं लिहिलं होतं. पोटऱ्या दगडासारख्या होतात असं लिहिलं होतं. टाके घालणाऱ्या मुलीच्या पोटऱ्या दगड कशाला होतील? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र गंधकात बुडून गेलो होतो. मातीचा नमुना येतो, त्याच्यावर गावाचं नाव आणि आकडा असतो, मी पिशवीपुरतं बघतो. शेतात कोण राबतं ते बघायची मला सवय नाही. पुडी तशीच बघितली आणि भाचीही तशीच बघितली.

आणखी एक सांगतो, ते तुला सगळ्यात जड जाईल. डॉक्टर म्हणाले, अशा चट्ट्यांना पुष्कळदा उन्हानेच उतार पडतो. म्हणजे कोपरं साफ झाली ती गंधकाने की खडीवरच्या उन्हाने, हे कोणालाच सांगता येणार नाही. हे लिहू नये असं वाटलं होतं. पण भागूबाई रोज तुझ्या दारात मान दाखवायला येते, आणि उद्या तिची मान साफ झाली तर सगळं गाव मीठ सोडेल.

हे वाचून तू म्हणशील, मिठाची बरणी मीच वर ठेवली. ठेवलीस. बुवांनी सांगितलं, मी कागदावर मान्य केलं आणि मग तू ठेवलीस. बुवांनी तर मेहनतीचं दर वेळी विचारलं होतं. आपण तिघांनीही तिचं भलंच चिंतलं. याने मला धीर येत नाही. तुला येईल असंही वाटत नाही. तुला समजावणारं एखादं वाक्य सुचेल म्हणून संध्याकाळभर बसलो आहे, सुचत नाही. या वेळी गप्प बसणं परवडणार नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. टपाल पोचेपर्यंत भागूबाई आणखी किती घाम गाळेल! स्वतः घेऊन येतो. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, म्हणून तुझ्या हातात देईन. पण आधी तुझ्याकडे येणार नाही. दारावरून गेलो आणि थांबलो नाही, तर रागावू नकोस.

राधाकृष्ण

(रोजनिशी, ११ एप्रिल) उद्या: पहिल्या गाडीने निघून थेट खडीच्या कामावर जायचं, आणि भागूबाई मीठ घातलेली भाकरी खाईपर्यंत तिथून हलायचं नाही.